उतारावरचं शून्य

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात संगणक उघडला, तर तालुक्यातल्या तीन हजार एकशे बारा गाड्यांनी एका दिवसात धूर सोडणं बंद केलं होतं.

पडद्यावर तरी तसंच दिसत होतं. प्रत्येक गाडीच्या नंबरापुढे लाल अक्षरांत ‘फसवणुकीचा संशय’ असं आलेलं. मी मोटार वाहन निरीक्षक, म्हणजे या तीन हजार एकशे बारा मालकांना नोटिसा धाडायच्या त्या मीच. दोन मिनिटं डोकं धरून बसले आणि मग खाली जाऊन आमच्या ऑफिसचीच गाडी पाहिली. सायलेन्सरवर बसवलेल्या सरकारी पेटीला झेंडूची माळ, पेटीवर हळदीकुंकवाची बोटं आणि तिच्या इवल्याशा भिंगावर गंधाचा ठसठशीत टिळा.

“गाडीची पूजा केली, मग हिनंच काय घोडं मारलंय?” आमचे ड्रायव्हर कदम म्हणाले. “उलट हिला जास्तच पुजायला पायजे मॅडम. सगळं आता हिच्याच हातात.”

त्यांचं चुकत नव्हतं. २०४१ साली गाडी रस्त्यावर राहणार की भंगारात जाणार, हे ती पेटीच ठरवत होती.

पूर्वी गाडी किती धूर सोडते आणि लिटरला किती पळते हे कंपनीच्या प्रयोगशाळेत ठरायचं. गार हवेच्या खोलीत, रुळांवर, वाऱ्याशिवाय, खड्ड्यांशिवाय. तिथे प्रत्येक गाडी गुणी बाळ असायची आणि रस्त्यावर आली की आपल्या वळणावर जायची. म्हणून नवा धूरनोंद कायदा आला. परीक्षा खोलीत नाही, रोजच्या रस्त्यावर, वर्षभर. त्यासाठी ही पेटी. लोकांनी तिचं नाव ठेवलं ‘नाक’.

नाकाचं शास्त्र सोपं आहे. डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेचे म्हणतात तसले किरण धुरातून पलीकडे सोडायचे. कार्बन डायऑक्साइडला त्यातले ठरावीक किरण फार आवडतात, तो ते गिळतो. जेवढे किरण पलीकडे कमी पोचले, तेवढा वायू जास्त; आणि भिंगच झाकलं, किरण मुळी पोचलेच नाहीत, की नाक शून्य लिहून संशय घेतं. आणि धुरातला कार्बन आला कुठून? डिझेलमधून. तेव्हा धूर मोजला की टाकीला हात न लावता गाडी किती प्याली हे कळतं. दर दहा सेकंदांनी नाक हा आकडा आमच्याकडे पाठवतं. जीपसारख्या गाडीला मर्यादा किलोमीटरला एकशे साठ ग्रॅमची. वर्षाची सरासरी त्याच्या वर गेली की नोंदणी रद्द. आणि नाकाला फसवायचा प्रयत्न केला तर गाडी थेट भंगारात आणि चालवणाऱ्याचं लायसन कायमचं रद्द.

मी फर्मान काढलं, ‘पेटीचं भिंग ओल्या फडक्याने पुसावे.’ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन हजार एकशे अकरा गाड्या पुन्हा धूर सोडू लागल्या. मी हसत हसत यादी मिटवत होते. शेवटी एक नंबर उरला.

तो नंबर मला तोंडपाठ होता. ती आबांची जीप होती.

*

माझे वडील, संपत नलवडे, चौतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. एसटीत ड्रायव्हरचा दर्जा एका आकड्यावर ठरतो, केपीटीएल, म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. डेपोत इतरांचा शेहेचाळीस, फार तर अठ्ठेचाळीस यायचा. आबांचा चोपन्न. त्याची सात प्रमाणपत्रं आमच्या पुढच्या खोलीत देवांच्या तसबिरींच्या रांगेत लावलेली आहेत आणि आई सणासुदीला त्यांनाही हार घालते. आबा उजव्या पायातली चप्पल काढून गाडी चालवतात. एसटीत बूट सक्तीचे होते, तर उजवा बूट काढला म्हणून एकदा त्यांना मेमोही मिळाला. “पायाला विंजिन कळाय नको का?” एवढंच त्यांनी खुलाशात लिहिलं होतं. तो मेमोही आईने फ्रेम केलाय.

निवृत्त झाल्यावर त्यांनी डिझेलची जीप घेतली आणि करंजघाटात वडाप सुरू केलं. सकाळी घाटमाथ्यावरच्या आमच्या गावातून माणसं खाली बाजारपेठेत न्यायची, संध्याकाळी वर आणायची. गावातल्या दोन शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्सबाई, कॉलेजच्या मुली, सगळ्यांचं जाणं-येणं त्या जीपवर. बस दिवसातून एकच आणि तीही लहरी.

रविवारी गावी गेले ते ओलं फडकं घेऊनच. भिंग स्वच्छ पुसलं. सोमवारी सकाळी आबा घाट उतरले आणि माझ्या पडद्यावर पुन्हा लाल अक्षरं. मग मी नोंदी उघडल्या. गाडी घाटात उतारावर, इंजिन फिरतंय, पेटीला त्याची थरथर जाणवतेय, पण धुरात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेत असतो तेवढाच. दोन-चार सेकंद नाही, सलग सहा मिनिटं. नाकाला नुकतंच, दसऱ्याच्या तोंडावर शिकवलं होतं, इंजिन फिरत असून तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसती हवाच आली, तर समजावं की नळी काढली आहे किंवा मधे भोक पाडलं आहे.

त्यात भर म्हणजे जीपची सरासरी होती एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅम. त्याच घाटातल्या तसल्याच जीपा एकशे नव्वदच्या खाली येत नव्हत्या. इतकं चांगलं कोणी असतं का?

पुढच्या रविवारी जेवताना मी विषय काढला. चुकलंच ते. भरल्या ताटावर असलं काही बोलू नये.

“आबा, घाटात तुम्ही काही करता का गाडीला?”

“गाडीला काय करायचं? उतरवतो.”

“म्हणजे नळीबिळी...”

घास हातातच राहिला त्यांचा. मी गडबडीने सावरायला गेले आणि आणखीच खड्ड्यात पडले. “नाहीतर उतारावर चावी बंद करून सोडत असाल. तसं असेल तर सांगा, मी...”

“माणसं बसलेली असताना?” आबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “चावी बंद केली की ब्रेक दगड होतो, स्टेअरिंग दगड होतं. चौतीस वर्सांत एका कोंबडीला धक्का न्हाई लावला मी. आन तू मला सांगतीस चावी बंद?”

“मग न्यूट्रल करत असाल. सगळेच करतात. डिझेल वाचतं म्हणून.”

“सगळी गाढवं हायत,” आबा म्हणाले आणि ताटावरून उठले.

आईने त्यांचं ताट झाकून ठेवलं. “चौदा सालापासनं त्यो माणूस भरल्या ताटावरनं उठला न्हवता,” ती म्हणाली. चौदा साली काय झालं होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

*

स्वतःच्या बापाची फाइल आपल्या हातात ठेवायची नाही, एवढी अक्कल मला होती. मी ती वर तडवी मॅडमकडे पाठवली. त्या जिल्ह्याच्या अधिकारी. जळगावकडच्या, बोलायला तिखट आणि निवाड्याला सरळ. त्यांनी नोटीस काढली. कारण दाखवा, अन्यथा वाहन भंगारात. नेऊन देण्याचं काम मात्र माझ्याच वाट्याला आलं, कारण त्या भागाची निरीक्षक मी.

आबा ओट्यावर बसून टायरची हवा मोजायचं घड्याळ पुसत होते. नोटीस वाचली. ‘फसवणूक’ या शब्दावर त्यांचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

“सही कुठं करायची, साहेब?”

साहेब! माझ्या आयुष्यात कोणी मला इतकं मोठं करून इतकं छोटं केलं नव्हतं. मी बोटाने जागा दाखवली. त्यांनी सही केली, कागदाची नीट घडी करून मला परत दिली आणि आत वळून ओरडले, “आगं, साहेब आल्याती. च्या टाक.”

त्यानंतरचे आठ दिवस ते माझ्याशी आईमार्फत बोलले. फोनवर मी विचारायचे, “आबा जेवले का?” आई मागे वळून विचारायची, “जेवलायसा का म्हणत्यात साहेब?” आणि मागून उत्तर यायचं, “साहेबांस्नी म्हणावं, हाय अजून दात.” आईला या सगळ्याची मजा वाटत होती. मला रात्री पडल्यापडल्या एकच दिसायचं, भंगारवाल्याच्या क्रेनला लटकलेली जीप आणि खाली उजव्या पायात चप्पल नसलेले आबा.

*

तडवी मॅडम मंगळवारी सकाळी आल्या. ऑफिसात बसून खुलासा वाचण्यापेक्षा घाटात बसून बघते, म्हणाल्या. आधी पेटीचं सील तपासलं. शाबूत. नळी चाचपली. एक भोक नाही. मग सायलेन्सरपासून एक रबरी नळी मागच्या दारातून आत घेतली आणि मांडीवर खात्याचं हातातलं मोजयंत्र ठेवून त्या आबांच्या शेजारी बसल्या. मी मागे, नर्सबाई शेडग्यांच्या बाजूला. शेडगेबाईंना कामावर जायचं होतं आणि सरकारी चौकशीसाठी त्या थांबायला तयार नव्हत्या.

“नलवडे, रोज चालवता तशीच चालवा,” मॅडम म्हणाल्या.

“दुसरी येतच न्हाई मला.” आबांनी उजवी चप्पल काढून दाराच्या खोबणीत सारली.

माथ्यावर यंत्राचा आकडा नाचत होता. पहिल्या वळणाआधीच आबांनी तिसरा गिअर टाकला आणि अनवाणी पाय अलगद उचलून घेतला. आकडा घसरला. अर्धा, पाव, आणि मग हवेत असतो तेवढाच. तिथेच चिकटून बसला.

मॅडमनी दचकून दाराचं हँडल धरलं. “इंजिन बंद केलंत तुम्ही!”

“कान लावा की मॅडम.”

आम्ही सगळ्यांनी कान लावला. इंजिन गुरगुरत होतं, मांजर पोट भरल्यावर गुरगुरतं तसं. गाडी त्याच्याच जोरावर अडून अडून, सावकाश उतरत होती. मिनिट झालं, दोन झाली. वळण आलं की आबा ब्रेकला नुसता पाय टेकवत आणि लगेच उचलत. आकडा जागचा हलेना.

“मग हे इंजिन चालतंय कशावर?” मॅडम म्हणाल्या.

“उतारावर. गाडी विंजिनाला फिरवतीया. विंजिन गाडीला न्हाई. डिझेल कशाला लागंल?” पुढे सरळ, मोकळा पट्टा होता, तिथे आबा म्हणाले, “आता बघा, सगळी काय करत्यात त्ये.” त्यांनी क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणला. त्याक्षणी यंत्राचा आकडा टुणकन वर उडाला. “बघा, प्यायला लागली. मोकळी सोडली की तिला जित्तं ऱ्हायला डिझेल लागतं. वर ब्रेक तापतो त्यो येगळाच.” पुन्हा तिसरा गिअर. पुन्हा हवा.

मागच्या सीटवर मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. कारण हे मला माहीत होतं! इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला चार मार्कांचा प्रश्न होता हा. गाडी गिअरमध्ये असून पाय उचलला की चाकं इंजिन फिरवतात, गाडीतला संगणक ते ओळखतो आणि डिझेलची तोटी पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला आपल्या पायावर उभं राहावं लागतं, म्हणून ते पीत राहतं. चारपैकी चार मिळाले होते मला. पण पुस्तकातला तो पाय दोन-चार सेकंद उचललेला होता. तो कोणी सहा मिनिटं उचलून ठेवील हे मला सुचलं नाही, आणि नाक बनवणाऱ्यांनाही नाही. त्यांनी ते शहरातल्या सपाट रस्त्यांवर शिकवलं. तिथे एवढा उतार नाही. शिवाय नव्या गाड्या बहुतेक विजेच्या किंवा सिग्नलला स्वतःच बंद पडणाऱ्या. इंजिन फिरतंय आणि पीत नाही, असली गाडी त्या बिचाऱ्या नाकाने कधी हुंगलीच नव्हती.

“मला तर वाटायचं न्यूट्रलमध्येच वाचतं,” मॅडम पुटपुटल्या.

“सगळ्यांनाच वाटतं, बाई,” शेडगेबाई मागून म्हणाल्या. “म्हणून तर मी यांच्याच गाडीत बसते. बाकीच्यांच्यात ब्रेक जळल्याचा वास येतो.”

पायथ्याला गाडी थांबली. मॅडमनी आकडे लिहून घेतले आणि मग जरा वेळ आबांच्या उघड्या पायाकडे बघत राहिल्या. “नलवडे, आम्ही अख्खा कायदा गाडीसाठी लिहिला. पायाचा त्यात कुठे उल्लेखच नाही.”

“एसटीनं लिवला हुता,” आबा म्हणाले. “केपीटीएल.”

*

आबांवरचा ठपका त्याच आठवड्यात निघाला. पण तडवी मॅडमनी तिथे थांबायचं नाकारलं. त्यांनी वर अहवाल धाडला. पेटीला उतार शिकवा, आणि मर्यादा ओलांडलेली जीप भंगारात काढायच्या आधी तिच्या चालकाला एक महिना चालवायला शिकवा आणि त्या महिन्याची सरासरी धरा. मुंबईहून होकार यायला तीन आठवडे लागले, म्हणजे सरकारी घड्याळात अवघा एक श्वास. पेटीतली दुरुस्ती वीस जानेवारीपासून लागू होणार होती. तोवर नाक घाटात ओरडत राहणार आणि आम्ही तिकडे कानाडोळा करणार.

करंजघाटात वडापच्या आणखी सहा जीपा होत्या. सहाही मर्यादेच्या वर, सहाही भंगाराच्या वाटेवर. त्यांच्या चालकांना शिकवायला आबा उभे राहिले. पहिल्याच दिवशी सहा जणांच्या सहा चपला काढून त्यांनी ओट्याखाली ढकलल्या. महिन्याअखेर पाच जीपा एकशे साठच्या आत आल्या. सहावीचा मालक एकशे एकसष्टवर अडला, तर आबांनी त्याच्या टपावरचं रिकामं कॅरिअर, जे वर्षानुवर्षं उगाच वारा अडवत होतं, ते पान्याने सोडवून त्याच्या हातात दिलं. तोही आत आला. त्या संध्याकाळी सातही जीपा ओळीने घाट चढून गावात शिरल्या आणि हॉर्न वाजवून त्यांनी गाव डोक्यावर घेतलं. आईने सगळ्यांना ओवाळलं. पेट्यांच्या भिंगांना मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही.

सगळं गोड झालं होतं. एक सोडून. आबा मला अजून साहेब म्हणत होते.

रागाने नाही, हसून म्हणत. पण म्हणत. मी माफी मागितली, तर म्हणाले, “साहेबांनी नोकरी केली. माफी कसली?” शेवटी एका रविवारी मी जीपची चावी खुंटीवरून काढली आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

“मला शिकवा उतरायला.”

“सरकारी लायसन हाय की तुमच्याकडं.”

“चार मार्कांचं आहे.”

आबा पहिल्यांदा खळखळून हसले. म्हणाले, ठीक. परीक्षक मी नाही, तुमचंच नाक. नोटीस निघाल्यापासून ते मालकालाही कळवतं; खाली पोचल्यावर माझ्या फोनवर ‘फसवणुकीचा संशय’ आला तर पास. नाही आला तर नापास.

पहिल्या रविवारी तिसऱ्याच वळणावर घाबरून मी ॲक्सिलरेटर दाबला. खाली आबांनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून पाहिला. “न्हाई आला.” दुसऱ्या रविवारी समोरून बस आली आणि माझा हात आपसूक न्यूट्रलला गेला. “न्हाई आला. आन हात कशाला नाचतोय?” तिसऱ्या रविवारी दोन मिनिटं पन्नास सेकंद झाली आणि एका बकरीने रस्ता अडवला. त्या बकरीला मी जन्मात माफ करणार नाही.

चौथा रविवार एकोणीस जानेवारीचा होता, म्हणून आई म्हणाली, “उद्यापास्नं नाक शाणं हुणार. मग तू कितीबी बेस उतर, कुणी चोर म्हणणार न्हाई.” आमच्या घरात मुलीला चोर ठरवायची एवढी घाई कुणाला झाली नसेल.

माथ्यावर मी उजवी चप्पल काढली आणि आबांच्या चपलेशेजारी खोबणीत ठेवली. पेडल गार होतं. तिसरा गिअर टाकला, पाय उचलला. आबा खिडकीबाहेर बघत बसले. पहिल्या वळणाला पायाला इंजिनाची गुरगुर कळली. थरथर वाढली की ब्रेकला नुसता स्पर्श, कमी झाली की तोही नाही. लहानपणी आबांच्या बसमध्ये बॉनेटवर टेकून झोपायचे तेव्हा हीच थरथर गालाला लागायची. मला एकदम आठवलं, आणि मग मोजणं विसरूनच गेले. घाट आपोआप उतरत होता. ऊन पडलं होतं, खाली बाजारपेठेची कौलं चमकत होती आणि मला पोटातून हसू येत होतं.

पायथ्याच्या चहाच्या टपरीशी गाडी थांबवली. आबांनी फोन हातभर लांब धरला. एक मिनिट. टपरीवाला दोन कप घेऊन आला. दोन मिनिटं.

टुंग.

“‘आपल्या वाहनात,’” आबा एकेक शब्द लावून वाचू लागले, “‘फसवणूक झाल्याचा संशय आहे. शून्य धूर. सहा मिनिटं बारा सेकंद.’” त्यांनी पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला, डोळे पुसले आणि तसाच आईला फोन लावला. “आगं, पोरगी सापडली बग! व्हय, आपलीच! चोर ठरली! सहा मिंटं बारा सेकंद! खिळा आन हातुडी काढून ठेव, भितीवर लावायचंय!”

फोन ठेवून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ काढलाच नाही. मला चहा दिसेनासा झाला.

“चप्पल घाल पोरी, खाली खडी हाय,” आबा म्हणाले. “आन च्या पी लवकर. आता चढ घ्यायचाय. त्यात तुझं काय खरं न्हाई.”